चौदा नंबरचा धोटा

सोमवार, ५ फेब्रुवारी
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आज रुजू झालो. मन प्रसन्न आहे. उजनीच्या काठावर बावीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. शाळा आठवीपर्यंत, बाकी सगळं यंत्रं उघडून शिकलो, कुणाचे उपकार नाहीत. आता डॉक्टर काव्या यांच्या फुप्फुसांच्या संशोधनात मोजणीदार. टॉवेलचा कारखाना, अठरा माग.

कामं दोन. पहिलं, कामगारांचा दम मोजणं: नळीत जोरात फुंकायचं, काटा सरकतो, आकडा लिहायचा. दुसरं माझ्या आवडीचं. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा दोरा नेणाऱ्या लाकडी होडीत, दोऱ्याची नवी कांडी भरली की दोऱ्याचं टोक बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. इथले विणकर भोकाला ओठ लावून ते ओढून घेतात. दिवसातून शंभरदा! दोऱ्याबरोबर कापसाची धूळ छातीत, आणि एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात. त्यावर मी पितळी तारेची आकडी बनवली आहे. डॉक्टरबाईंनी ती पाहताक्षणी पसंत केली.

नळी बरोबर चालते का, हे कळावं म्हणून रोज सकाळी नऊला आधी मी फुंकणार. आज ५२०. एकावन्नाव्या वर्षी हा आकडा वाईट नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी
आकड्या वाटल्या. मुकादम बिभीषणनं सगळ्यांसमोर विचारलं, मोटारवाले, हितं काय पाणी चढवायला आलाय व्हय? मी लक्ष दिलं नाही. सतरा मागांवर आकडी चालली. माझा आकडा ५२०.

चौदा नंबर दिवाळीपासून बंद आहे. त्यावर शरणप्पा तीस वर्षं विणत होते, छातीनं गेले. त्यांची बायको नीलम्मा इथंच कांड्या भरते. माझ्या जेवणाच्या डब्यावर धूळ बसू नये म्हणून तिनं आपला टॉवेल टाकला. भली बाई.

गुरुवार, ८ फेब्रुवारी
अठरावा राहू नये म्हणून बंद चौदाचाही धोटा तपासला. जुन्या लाकडाचा, भोक आत वाकडं. आकडी तीनदा अडली. बिभीषण म्हणाला, बगा, आलं की नाक घासत. मागवाले हसले. मला राग आला. दोरा कसा ओढतात ते मलाही येतं, हे दाखवायला मी धोटा ओठांना लावला.

ओढणं हा माझाच विषय. मोटार बंद पडली आणि पाइपाची झडप गळकी असली की वर चढलेलं पाणी मागं खाली जातं. तसं झालं. दोरा आला, पण त्याआधी आतून कुणीतरी ओढलं. ओठ भोकाला चिकटून राहिले. चार सेकंद, मनात मोजले.

नीलम्मा धावत आली. अण्णा, त्या धोट्याला तोंड नगा लावू की, म्हणाली. शेवटी आमच्या यांना दम पुरत नव्हता, तरी ओढत ऱ्हायले. अजून पुरलेला न्हाय.

दुःखी माणूस काहीही बोलतं. अहवालात लिहिलं: आकडी अठराच्या अठरा मागांवर चालते.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी
४७०. नळी धुतली, वाळवली. परत ४७०. नवी नळी लावली. ४७०. म्हणजे नळीचा दोष नाही.

चौदा बंद आहे, कालचा दोरा मी काढून टाकला होता, तरी सकाळी त्याच्या धोट्यात दोरा ओवलेला होता. टोक ओलं. दुपारी बोट लावलं, तेव्हाही ओलंच.

सोमवार, १२ फेब्रुवारी
३९०. सात रस्ता चौकातल्या एका डॉक्टरला छाती दाखवली. फोटो स्वच्छ. त्यांनी विचारलं, काही टेन्शन?

शरणप्पांचं कार्ड काढून पाहिलं. प्रकल्पानं गेल्या वर्षी दर महिन्याला त्यांचा दम मोजला होता. ५२०, ४७०, ३९०. पुढं ३१०. मग २४०. मग १६०. मग कोरं.

त्यांचा महिना तो माझा दिवस.

मंगळवार, १३ फेब्रुवारी
३१०.

बुधवार, १४ फेब्रुवारी
सकाळी २४०. जिना बसत बसत चढलो.
चौदाजवळ गेलं की आवाज येतो. माग बंद, तरी ओठांनी ओढल्याचा — बारीक, सूं — मग थांबतो. जणू पुरेना म्हणून परत —

दुपारी तीनला अचानक छाती मोकळी झाली. फुंकलं: ३८०. आनंदानं डोळ्यांत पाणी आलं.
नंतर कळलं. नवा माणूस बसवायचा म्हणून बिभीषणनं चौदा चालू करून पाहिला. आकडी अडली. त्यानं तोंडानं ओढलं. तीन वाजता.

गुरुवार, १५ फेब्रुवारी
बिभीषण आला नाही. घरी उशीला टेकून बसलाय, आडवं होता येत नाही, असं कळलं.
माझा ३८० टिकलाय.
डॉक्टरबाईंना फोन करून सांगायला हवं की आकडी चौदावर चालत नाही, अहवाल खोटा आहे. हातात फोन घेतला. त्यांनीच आधी केला. म्हणाल्या, तुमची आकडी आता चाळीस कारखान्यांत देणार, तुमच्या नावानं. मी थँक यू म्हणालो. दुसरं काही —

शुक्रवार, १६ फेब्रुवारी
३००. उतरतोय. शरणप्पांना अजून पुरत नाही.
बिभीषण पहाटे गेला. नीलम्मा माझ्याकडं बघते. तिला माहीत आहे की मला माहीत आहे.

शनिवार, १७ फेब्रुवारी, सकाळी नऊ
१६०. उभं राहता येत नाही. स्टुलावर, नळी मांडीवर. समोर चौदा.
आज त्यावर अभिमन्यू बसणार. बार्शीकडचा, तिशीतला, दोन लेकी. मघाशी पाया पडला. म्हणाला, तुमी आमच्या छातीसाठी लई केलं काका.
सांगणार आहे. ठरवलंय. धोटा फोडून —

नऊ वीस
आकडी अडली. दोनदा. तो माझ्याकडं बघतोय. मी हात वर केला, नको म्हणून — त्याला वाटलं, चालू दे. हसला.
नीलम्मा ओरडतेय, मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू — 
मी ओरडायला हवं. दम नाही. किती आहे, आधी बघू —

१५०
त्यानं ओठ लावले.
३४०
अजून ओढतोय. मान मागं जातेय त्याची, हात सुटेनात —
४६०
५८०. एवढा माझा कधीच नव्हता. आता ओरडता येईल. आता नक्की येईल, फक्त एकदा अजून फुंकून —