शेवटचं पान आधी

बाई, सकाळपासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलते आहे, आता कागद घेऊन बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण लेख अभ्यासाचा की नुसता छापलेला, हे विचारायला दुसरं माणूस मला अजून सापडलेलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. रोज कुठं ना कुठं बंद, कॉलेजच्या फाटकावर पोलिसांची गाडी, आणि वाचनालयाचं एकच दार उघडं ठेवून तुम्ही आत बसलेल्या. माझे मालक वाळूजच्या फाउंड्रीत काम करता करता खोकून गेले होते. घरीच वाचून परीक्षा देत मी एम.ए.पर्यंत आले आणि लघुप्रबंधाला विषय घेतला तो त्या खोकल्याचाच. आधी मी तुमच्यापुढं ठेवलं कारखान्याचं चकचकीत मासिक. कामगारांचा खोकला बिडीचा, असं त्यात एका डॉक्टरांनी लिहिलं होतं. नावापुढं एवढ्या पदव्या, मला तो शोधनिबंधच वाटला. तुम्ही थेट शेवटचं पान उघडलं. "संदर्भ कुठायत? माणसं कोणती तपासली, कशी तपासली? छापण्याआधी दुसऱ्या कुणा जाणकारानं हे वाचलंय का?" मग मी युनियनचं पत्रक आणलं. त्यात सगळा दोष फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीचा. ते वाचून मला बरं वाटलं होतं. तुम्ही चिडलात. "तुला पाहिजे ते लिहिलंय म्हणून ते खरं होत नाही, अगं." फार लागलं मला. घरी सासूबाई म्हणाल्या, "बाई लई कडक दिसती तुझी. पर जा तू. हितं बसून काय कळणार हाय?"

गेले. तुम्ही नियतकालिकांचे बांधीव खंड काढून दिलेत, वर्षाची सूची कशी पाहायची ते दाखवलंत. मांडीवर शब्दकोश घेऊन मी वाचत बसायची. शेवटी खरा शोधनिबंध सापडला. बिडी ओढणारे कामगार वेगळे तपासलेले, न ओढणारे वेगळे, आणि धुळीनं दोघांचीही फुप्फुसं निकामी झालेली. मी वाचत होते आणि तुम्ही कपाटाकडं तोंड करून उभ्या होतात.

आता माझा मुलगा त्याच कामावर आहे. दिवाळीपासून खोकतोय. दवाखान्याचं काढलं की फोनवर लेख पाठवतो. "वाच आई, डॉक्टरनंच लिहिलंय. हवा बदलली का व्हतो असा खोकला. उगं घोर लावून घेऊ नको." मी लेखाच्या तळाशी गेले. संदर्भ नाहीत, कुणाला तपासलं त्याचा पत्ता नाही, खाली खोकल्याच्या औषधाची जाहिरात. मग मी स्वतः शोधायला बसले. फोनवर आता खरी नियतकालिकं दिसतात तशी पैसे घेऊन काहीही छापणारीही दिसतात, म्हणून संपादक कोण, लेख तपासून घेतात का, सगळं पाहिलं. एक शोधनिबंध मिळाला. तुम्हीही नावं ठेवली नसती असा. निष्कर्षापाशी आले आणि फोन पालथा ठेवला.

उद्या त्याला दवाखान्यात नेणार आहे, तो नाय म्हणाला तरी. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून लिहिते बाई. तो निष्कर्ष मी अजून वाचलेला नाही. मघापासून परत परत वाचते आहे ते त्यानं पाठवलेलंच.