दोन टाक्या आणि विश्वशांती

५ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून विश्वशांतीचं काम सुरू. कंट्रोल इंजिनिअरिंग मी यूट्यूबवर शिकलो, कॉलेजात नव्हे. म्हणून पक्कं शिकलो. मोजा, फरक काढा, दुरुस्त करा. देशांनी एवढं केलं तर युद्धं थांबतील, पाणीही पुरेल. आधी घरात प्रयोग, मग संयुक्त राष्ट्रसंघाला पत्र.
प्रयोगाचे देश: वर आम्ही, खाली धाकटा भाऊ अमरसिंह. बोअर एक, गच्चीवर टाक्या दोन. पाण्यावरून दिवाळीपासून बोलणं बंद. २६ला त्याच्या मुलीचा, अनुजाचा साखरपुडा. सख्खा काका मांडवात परक्यासारखा बसणार? त्याआधी शांतता करणारच.

९ एप्रिल
शाहूपुरीतून सेन्सर, वॉल्व्ह आणून बसवले. वॉल्व्ह दीड इंची. दुकानदार सव्वा म्हणत होता. त्याला पाऊण तास समजावलं. ज्याची टाकी रिकामी, त्याला आपोआप पाणी.
बायको म्हणाली, "त्यापरीस खाली जाऊन भावाशी बोला की!"
बोलणं ही मॅन्युअल पद्धत. जुनी.

१२ एप्रिल
दोन्ही टाक्या समान. पत्राचा मायना तयार.

१६ एप्रिल
खालची टाकी सारखी रिकामी. जिन्यातून डोकावलो. भावजय स्नेहल पावण्यांसाठी बॅरल, हंडे, घमेली भरत होती. टाकी रिकामी, म्हणून माझा वॉल्व्ह तिकडंच. यंत्राची चूक नाही. यंत्र प्रामाणिक आहे.

१७ एप्रिल
बायकोला कळलं. "त्यांनी भरायचं आन् आम्ही बघत बसायचं व्हय?" कळशीपासून कुकरपर्यंत सगळं भरलं. माझी आंघोळीची बादलीसुद्धा. हीच ती शस्त्रस्पर्धा! उद्या गेन, म्हणजे वॉल्व्हचा जोर, कमी करणार.

२० एप्रिल
आमच्या टाकीचा गेन वाढवला. कारणं तांत्रिक. हॉलमध्ये तीन पिंपं. टीव्ही दिसत नाही.

२५ एप्रिल
बोअर आटलं. मोटर कोरडी फिरून जळली. कोरडी फिरली की बंद करणारा सेन्सर मीच काढला होता; फार पीं-पीं करायचा. पत्र तूर्त स्थगित.

२६ एप्रिल
साखरपुडा झाला. सकाळीच बायकोनं आमचे हंडे खाली नेले. स्नेहल म्हणाली, "वैनी, आमच्यातबी ठेवायला जागा न्हाय!" दोघी हसत सुटल्या. कुणाला, ते विचारलं नाही. मठ्ठा आमच्याच पिंपातल्या पाण्याचा.
मांडवातला पंखा हळू फिरत होता. रेग्युलेटर बघायला उठलो, तोच अमरसिंह आला. दिवाळीनंतर पहिल्यांदा बोलला. व्याह्यांसमोर, खांद्यावर हात ठेवून.
"दादा, कशालाबी हात लावू नगंस. नुसतं जेव."