आजीची बाजू

ता. ४ मे

ती. आजीस,
शि. सा. न.

विद्यापीठाच्या उन्हाळी प्रशिक्षणात मी रुळले. खोलीतला पंखा तुझ्यापेक्षा जास्त कुरकुरतो. सकाळी मानवी हक्कांचे तास, दुपारी साक्ष घ्यायचा सराव, शेवटी अभिरूप न्यायालय. म्हणजे कोर्ट खोटं, भांडणं खरी. प्रत्येकाने घरचा एक प्रश्न द्यायचा होता. मी आईचा दिला. तिच्या आईने अंथरूण धरलंय, लेकीची वाट बघतेय, आणि तू आईला चार दिवस मोकळं करत नाहीस. तुला अक्षरओळख नाही, म्हणून हे तुला वाचून दाखवताना आईचा आवाज अडखळेल. अडखळू दे. पण आजी, तिला जाऊ दे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी नात

ता. ११ मे

चि. वकीलबाईस अनेक आशीर्वाद.

आवाज बिलकूल अडखळला नाही हो. दुकानाची पाटी वाचावी तसं वाचून गेली. आता तीच लिहून घेतेय, म्हणजे तिच्याविषयीचं तिच्याच हाताने तुला पोचतंय. अक्षर सुरेख आहे म्हणतात. अकलेचं मी सांगते, बेताची आहे.

मी काय कुणाला कोंडलंय? दार सताड उघडं असतं. माझा खुबा मोडलाय, संडासला धरून न्यावं लागतं. तुझ्या बापाला साधा चहा जमत नाही. मी एवढंच म्हटलं, की जायचं तर खुशाल जा, मी पडेन ओल्यात. तर बसली मुकाट. यात माझा काय गुन्हा?

बरं, तुझ्या खोट्या कोर्टाचा निकाल मी खरा मानीन, शब्द दिला. मी दोषी ठरले तर दुसऱ्या दिवशी हिला गाडीत बसवते. सुटले तर ही इथेच. बघू, शिकून काय दिवे लावतेस.

खात-पीत जा आणि म्हातारीवर जीव असू दे.
आजी

ता. १९ मे

ती. आजीस,
शि. सा. न.

निकाल लागला. कोणी कोणाची बाजू मांडायची ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मला तुझी बाजू आली.

हरायचं ठरवूनच उभी राहिले होते. पण समोरच्या मुलाने तुला कैदखान्याचा जेलर म्हटलं आणि मला चेव आला. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेलाही सांभाळ मिळायचा हक्क आहे, म्हटलं. दाराला कुलूप नव्हतं, म्हटलं. आईने ‘जाते’ असं एकदा तरी तोंडाने म्हटलंय का, विचारलं. सर उठून टाळ्या वाजवत होते. तू निर्दोष सुटलीस. मला पहिलं बक्षीस.

आजी, तो खेळ होता. तो निकाल धरू नकोस. आईला पाठव. मी इथलं सोडून तुझं करायला येते.

एवढं ऐकलंस तर जन्मभर तुझी राहीन.
नात

ता. २६ मे

चि. वकीलबाईस पोटभर आशीर्वाद.

बक्षिसाचं ऐकून ऊर भरून आला. तुझ्या आईला म्हटलं, टाळ्यांचं पुन्हा वाच. तिने वाचलं. ‘जाते’ म्हटलंय का, तेही दोनदा वाचून घेतलं. मला अक्षराचं सरळ-उलटं काही कळत नाही, दोषी ठरले असं तिने खुशाल वाचलं असतं तर मी शब्दाला जागून गाडीत बसवली असती. पण बाई जे लिहिलंय तेच वाचत बसली. अशा माणसाला तुम्ही कसले हक्क देणार?

तू यायची गरज नाही, प्रशिक्षण पुरं कर. तिची आई परवा गेली. मी लगेच म्हटलं, आता जा. तर म्हणे, आता कोणाकडे जाऊ, आणि माझी चादर बदलायला घेतली. लिहितानाही डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे दगड.

मोठी वकील हो, आणि माझी बाजू अशीच धरून ठेव.
आजी

ता. क. खाली लेकीसाठी दोन ओळी तुझ्याही लिही, असं तिला म्हटलं. लिहिल्या म्हणते, पेन हललेलं मला तर दिसलं नाही. मला काय कळणार? तूच वाच.