बावखलदादाने वर यावं की नाही

उमेळे, वसई
मंगळवार, दुपार

प्रिय पियुष,

आधीच सांगते, रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र मध्येच कापता येत नाही, आणि "आंटी, मीटिंगमध्ये आहे" असंही त्याला सांगता येत नाही. तू सध्या तुझ्या मैत्रिणीकडे, क्षितिजाकडे, गोखिवऱ्याला राहतोस, रिक्षाने वीस मिनिटं. मी तिथे येऊनही बोलले असते. पण मी समोर उभी राहिले की तू वाकून पाया पडतोस, आणि मग मला जे बोलायचं ते बोलता येत नाही.

आजच्या पेपरात तू आणि माझा जोएल पुन्हा आहात, तुमच्या पिक्चरवरून. 'बावखलदादा'च्या टीममध्ये भडका. लेखक पियुष बाहेर? दिग्दर्शक जोएलचा अहंकार नडला? शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की हे लोक काहीही छापायला मोकळे. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या, ज्याला उत्तर हवं असतं त्यानेच प्रश्नचिन्ह काढावं. वर आपल्या बावखलाला, वाडीतल्या तळ्याला, त्यांनी 'डबकं' म्हटलंय. डबक्यातला सुपरहिरो! ज्या पाण्यावर या गावच्या केळी आणि पानवेली पिढ्यान्‌पिढ्या जगल्या, ते डबकं? मी संपादकांना दीड पान लिहून पाठवलं. उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र आलं.

जोएल रविवारी जेवायला आला होता. माशांचं भुजणं केलं होतं, तुला आवडतं तसं, आंबट जास्त. अर्ध्यावर त्याने ताट सारलं. बारा दिवसांवर शूटिंग आलंय, तू तुझं नाव काढून घेतलंयस, आणि निर्मात्यांनी नवा लेखक बघून ठेवलाय. त्या नव्या माणसाला बावखलदादा उडायला हवाय म्हणे. उडायला! तळ्यातला माणूस उडून जाणार कुठे? जोएल एवढंच म्हणाला, "ममा, तो नसेल तर मला हा पिक्चर करायचाच नाही." हे तो तुला सांगणार नाही. बापावर गेलाय, रेमंडही महत्त्वाचं तेवढं गिळायचा.

हल्ली जेवणानंतर आरामखुर्चीत बसले की डोळा लागतो. काल स्वप्नात बावखलदादाच दिसला. सगळी एव्हरशाईन सिटी पाण्याखाली होती, पण कुणी घाबरलेलं नव्हतं. पाणी हिरवं, उन्हाने आतून उजळलेलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी मासे थांबून आत डोकावत होते. बायका गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या आणि कपडे सावकाश वर वर तरंगत निघाले होते. त्या रस्त्यांवरून तो चालत होता, घाई नसलेला, अंगावर माझ्या जुन्या पडद्याची झूल. तो ज्या इमारतीला हात लावायचा तिथलं पाणी त्याच्या आत शिरायचं आणि तो थोडा जड व्हायचा. शेवटी इतका जड झाला की खाली बसला. मी खिडकीतून हाक मारली. त्याने वर पाहिलं, तर चेहरा तुझा होता, नऊ वर्षांचा.

पडदा आठवतो ना? हिरवा, पांढऱ्या पाकळ्यांचा. मी तो फाडून तुम्हा दोघांना झुली शिवून दिल्या, तेव्हा तुझी आई चंद्रकांता म्हणाली होती, "रोझी, पोरांचे लाड पुरवता पुरवता घर उघडं पडेल तुझं." पण बावखलदादा त्याच्याही दोन दिवस आधी जन्मला होता, आणि त्या गोष्टीबद्दल आपण तिघं कधी बोललोच नाही.

मे महिन्याची दुपार होती. जोएल शेवाळावरून घसरून बावखलात गेला. तुला पोहता येत नव्हतं, तरी तू उडी मारलीस, तळाच्या चिखलात पाय रोवून उभा राहिलास आणि त्याला खालून वर ढकललंस. तो काठाला लागला. तू नाही. मी धावत पोचले तेव्हा तुझ्या जागी फक्त बुडबुडे होते आणि जोएल काठावर बसून ते मोजत होता. मोठ्याने. रेमंडने तुला बाहेर काढलं तेव्हा जोएल सतरावर होता. तू डोळे उघडून पहिलं काय बोललास? "आंटी, खाली खूप शांत आहे." दुसऱ्या दिवशी तुम्ही गावाला सांगितलंत की आपल्या बावखलात एक दादा राहतो, तो गावाचा पूर पिऊन टाकतो.

मग पुढे महिनाभर, दिवेलागणीला जोएल तुमच्या घराच्या कुंपणापाशी जाऊन "पियूऽष" अशी हाक मारायचा. तू "काय रे?" म्हणालास की काहीच काम नसायचं. तसाच परत यायचा. तू त्याला वेडा म्हणायचास.

आता कळतंय का रे, तुमचं भांडण कशाचं आहे? तुझा बावखलदादा शेवटी तळाशीच राहतो, कारण तू खाली जाऊन आलास आणि तुला तिथे भीती वाटली नाही. जोएलला तो वर यायला हवाय, कारण तो काठावर होता. पेपरवाले याला सर्जनशील मतभेद म्हणतात. म्हणू देत. तुम्हा दोघांना मात्र अक्कल हवी होती.

आणि आता माझं. मी चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले. अर्ध्या वसईची लग्नं, भांडणं, आजारपणं या कानांनी ऐकली आणि एक शब्द बाहेर जाऊ दिला नाही. तुमचा वाद माझ्या स्वयंपाकघरात झाला, तेव्हा तिथे आपण तिघंच होतो. आठवड्याने पिक्चरच्या शेवटाचा तोच वाद पेपरात आला, तू जोएलला म्हणालास, "तू विकलंस मला." त्याला वाटलं, तू सांगितलंस. तुला वाटलं, त्याने. मी चहा ओतत होते, ओतत राहिले; तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. पियुष, मी सांगितलं. पेपराला नाही, देवाला. आपल्याकडे चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना कशासाठी अर्पण करायची तो हेतू चिठ्ठीवर लिहून देतात, तुला माहीत आहे. लोक लिहितात, आजारातून बरं वाटावं, घरात शांती नांदावी. सिस्टर बेनिग्नांनी मला शिकवलं होतं की देवाला अर्धवट माहिती देऊ नये. म्हणून मी सात ओळी लिहिल्या: कोण, कोणत्या पिक्चरवरून, बावखलदादाने वर यावं की नाही, सगळं. चर्चमध्ये वाचन करणाऱ्या जेसिकाने ते वेदीजवळून स्वच्छ आवाजात, एक शब्द न गाळता वाचलं. आणि आपल्या चर्चची मिस्सा आता मोबाइलवर जगभर दिसते, हे मला गेल्या शुक्रवारी जेसिकानेच सांगितलं, मोठ्या कौतुकाने. "आंटी, तुमचा हेतू अकरा हजार लोकांनी ऐकला!" पेपरातलं ते 'विश्वसनीय सूत्र' मी आहे. चार दिवस हे गिळून बसले, रविवारी जोएल समोर जेवत होता तरी बोलले नाही. तो महत्त्वाचं गिळतो म्हणून त्याला हसत होते, पण मीही तसलीच. तुला आधी सांगते, कारण घर सोडून तू गेलास. त्याला आज संध्याकाळी सांगेन, आणि तो तुला फोन करेल. पिक्चरचा शेवट तुम्ही काय हवा तो ठेवा, मला त्यातलं कळत नाही. पण तो काठावर बसून अजून मोजतोय, बाळा. या वेळी तूच वर ये.

तुझीच,
रोझीआंटी