तुम्ही पाठवलेले दोन ठेकेदार

मक्का,
शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजानंतर

आदरणीय मोहियुद्दीन मामू यांना भाचा हम्मादचा सलाम.

आम्ही खैरियतीने आहोत. मामींचा खोकला थांबल्याचं ऐकून नूरुन्निसाला फार बरं वाटलं. माझी तब्येत मात्र तुम्ही बिघडवलीत. श्रीवर्धनच्या प्लॉटवर घर बांधायला भरवशाचा ठेकेदार सुचवा, एवढंच मी फोनवर म्हटलं होतं. तुम्ही उमऱ्याच्या यात्रेला निघालेले दोन ठेकेदार थेट माझ्या पत्त्यावर पाठवलेत. (मी हॉटेलात नोकरी करतो, मामू. हॉटेल माझं नाही.)

पहिले लियाकतभाई. त्यांना आणायला मी जेद्दाच्या विमानतळावर स्वतः एहरामची न शिवलेली पांढरी वस्त्रं नेसून गेलो, कारण उमऱ्याच्या पुण्याबरोबर माझ्या डोक्यात एक हुशारीही शिरली होती. एहरामात माणूस खोटं बोलायला कचरतो, तेव्हा जे विचारायचं ते मक्क्याच्या रस्त्यावरच विचारून घ्यावं. मी विचारलं, तुम्ही बांधलेलं एखादं घर पावसात गळतं का. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं आणि लब्बैकचा जप जो सुरू केला, तो हरम मशिदीचे मिनार दिसेपर्यंत थांबवला नाही. उमरा झाला, डोकं भादरून एहराम सुटला, आणि न्हाव्याच्या खुर्चीतून उठता उठता म्हणाले, एक थेंब गळणार नाही. मग घरी येऊन त्यांनी नकाशा पसरला. हॉल असा की गावातलं लग्न आत व्हावं, आणि स्वयंपाकघर आमच्या हॉटेलच्या लिफ्टएवढं. नूरुन्निसाने तो नकाशा घडी करून परत दिला.

दुसरा वहाब. त्यालाही एहरामात, त्याच रस्त्यावर तोच प्रश्न विचारला आणि पस्तावलो.

“गळतं,” तो म्हणाला.

“कुठलं?”

“माझंच.”

त्यानंतर तो थांबेचना. सासूच्या घरात मोरीला दार ठेवायचं राहिलं. एका मास्तरांच्या घरात जिना विसरला, तो मग बाहेरून काढावा लागला. सांगितल्या वेळेला घर त्याने आजवर कुणालाच दिलेलं नाही, दुप्पट वेळ धरून चालावं. मामू, मला असा राग आला की काय सांगू, पण मीही एहरामात. भांडायची सोय नाही. स्टिअरिंग आवळून एका टँकरच्या मागे गाडी चालवत राहिलो. (उमरा उरकल्यावर भांडायला म्हणून खोलीत गेलो, तर गृहस्थ घोरत होते.)

जेवताना नूरुन्निसा सुरमई वाढत होती. वहाबने विचारलं, या घरात राहणार कोण. उत्तर आमच्या लेकीने, मेहेकने दिलं, “कोई नहीं, अंकल. हम तो सिर्फ व्हेकेशन में जाते हैं.” नूरुन्निसा डाव ठेवून आत गेली ती बऱ्याच वेळाने बाहेर आली. वहाब ताटाकडे बघत म्हणाला, “मग नका बांधू, भाईजान. बंद घरं मी दोन बांधली. दोन्हीकडे वाळवी राहते.”

आता तुम्हीच सांगा, घर बांधू नका म्हणणाऱ्या ठेकेदाराचं मी करू काय? तिसरा शोधा, आणि कृपा करून त्याला उमऱ्याला पाठवू नका. मामींना सलाम.

रागावलेला, तरी तुमचाच,
हम्माद

ता.क. पत्र टाकायचं राहिलं. मधल्या दिवसांत नूरुन्निसाने मला एकच विचारलं, वहाब एक तरी गोष्ट खोटी बोलला का. मी सगळं आठवून पाहिलं, एकही नाही. तेव्हा काम वहाबला द्यायचं, तसं त्याला कळवा.

ता.क. दुसरं. मी हॉटेलात राजीनामा दिला आहे. मेहेकची परीक्षा झाली की आम्ही कायमचे गावी येतो. घर तोवर होत नाही हे उघड आहे. तुमच्या माडीवरची एक खोली थोडे दिवस मिळाली तर उपकार होतील. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं, पण जीभ रेटेना.

मामू, सलाम. लिफाफा चिकटवायच्या आधी हे मी लिहिते आहे. दोन खोल्या लागतील. आणि थोडे दिवस नाही, वहाब बांधणार आहे.
— नूरुन्निसा