चांदीवरचा हिरवा

गोंडपिपरी
८ जानेवारी २०२४

ती. आचलबाईस,
पियुषचा शि. सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकशील. तू समाजाबाहेर लग्न केल्यावर बाबांनी तलावाच्या पाळीवर, समाजाच्या लोकांसमोर, आम्हा सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं आणि तुझ्याशी बोलणार नाही असं वदवून घेतलं. फोनही त्यात आला. पत्राचं नाव तेवढं कोणी काढलं नव्हतं, कारण आता पत्र लिहितंच कोण? म्हणून लिहितो आहे.

कामाचं सांगतो. माझे ते बोटभर उंचीचे सैनिक तुला आठवतात ना? टेबलावर फासे टाकून लढाई खेळणारे लोक माझ्याकडून रंगवून घेतात ते. नागपूरचा एक दुकानदार त्यांच्यासाठी धातूसारखे चमकणारे रंग काढतो आहे. लाल, हिरवा, निळा, जांभळा. त्याने मला बाटल्या पाठवल्या आहेत, पण त्यांवर नुसते नंबर आहेत. नाव वाचून कोणी रंग सांगू नये म्हणून. काळ्या, पांढऱ्या आणि चांदीच्या अस्तरावर प्रत्येक रंग लावून तो कसा दिसतो हे मी कळवायचं. त्याला पटलं तर काम कायमचं, आणि माझं राजुऱ्याला ठेकेदाराच्या दारात उभं राहणं सुटेल.

चमक मला कळते गं. कण बारीक आहे की जाड, दुसरा हात कुठे ओघळला, सगळं दिसतं. पण लाल कोणता आणि हिरवा कोणता हे माझ्या डोळ्यांना कळत नाही, आणि ही गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. रीताला, माझ्या बायकोलाही नाही. तू गेल्यावर एका गिऱ्हाइकाची पलटण मी एकट्याने रंगवली, तर अर्धे शिपाई लाल आणि अर्धे हिरवे निघाले. फोटोत चमकता रंग दर वेळी वेगळाच येतो, म्हणून सैनिकच पाठवतो आहे. प्रत्येकाच्या पायाला रंग लिहिलेली चिठ्ठी लावून दे. उत्तर पोस्ट ऑफिसातच ठेवून घ्यायला सांगितलं आहे, तिथून मी नेईन.

आईचे पाय सुजतात. तुझं नाव काढते. लोभ होता तसाच राहू दे.

तुझा,
पियुष


सिरोंचा
१९ जानेवारी २०२४

चि. पियुष यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर माझ्या नावाआधी सौ. लिहिलं नाहीस. शाई संपली होती का रे? असू दे. पत्र आलं त्या दिवशी मी ते ब्लाउजच्या कापडाखाली ठेवून दिवसभर शिलाई केली आणि सगळ्या बाह्या उलट्या लावल्या. तुझे भाऊजी मोटारपंप दुरुस्त करून आले तर मी शिवण उसवत बसलेली. सासूबाईंनी खोका पाहून तेलुगूत विचारलं की ही बाहुली कोणाच्या लेकरासाठी आहेत. माझ्या भावाची आहेत म्हटलं, तर खूप हसल्या.

सैनिक मी मशीनवर, खिडकीच्या उजेडात, दोऱ्याच्या रिळांजवळ धरून पाहिले. काळ्यावर लाल लावलास तो लाल राहत नाही, सुकलेल्या रक्तासारखा होतो. पांढऱ्यावर तो गुलाबीकडे झुकतो. चांदीवर मात्र पिकलेल्या मिरचीच्या सालीसारखा निघाला आहे. आणि चांदीवरचा हिरवा पाहून मला आपला सोनकिडा आठवला, जो आपण काडेपेटीत पाला घालून ठेवायचो. तू तेव्हाही त्याला नुसतं चमकतो म्हणायचास. बाकी सगळं चिठ्ठ्यांवर लिहिलं आहे.

पिकलेल्या लाल मिरच्या सांगितल्या तरी तू वाडीतल्या हिरव्या तोडून आणायचास आणि मार मी खायची. रेल्वेच्या डोळेतपासणीत नापास झालास तेव्हा उंची कमी पडली असं घरी मीच सांगितलं. मी हे उपकार म्हणून मोजत नाही, पण आता माझं एक काम कर. मला आईला भेटायचं आहे. तासभर बसेन आणि परत येईन. मागच्या वर्षी न बोलावता आले तर बाबा ताटावरून उठले आणि आईनेच हात जोडून मला फाटकातून परत पाठवलं. बोलावल्याशिवाय आता येणार नाही. बाबा तुझं ऐकतात, तू त्यांना विचार.

सोबत आईसाठी जरीच्या काठाची हिरवी साडी आहे. कोणी दिली ते फक्त तिलाच सांग. लोभ असतोच, तो कागदावर मागावा लागतो एवढंच वाईट.

तुझी,
सौ. आचल


गोंडपिपरी
८ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. आचलबाईस,
शि. सा. न. वि. वि.

काम पटलं! सोनकिड्याची गोष्ट दुकानदाराला इतकी आवडली की त्या हिरव्याचं नावच तो सोनकिडा ठेवतो आहे. तुझी नजर फार बारीक आहे म्हणाला. म्हणजे माझी. वरून बिनचमकीचं वार्निश मारलं तर धातूची सगळी चमक मरते, चकचकीतच मारावं लागतं, हे मात्र मी शोधून काढलं हं. आता दर महिन्याला नवे रंग येणार. या वेळचे पाठवतो आहे.

आईने साडी उशाशी घेऊन झोपायचा हट्ट धरला, मग पेटीत ठेवली. तू आलीस की नेसणार म्हणते. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ते नाई आली तं हेच माह्या अंगावर घालजो." आजारी माणसं बोलतात तसं. तू मनाला लावून घेऊ नको.

बाबांना विचारायचं आहेच. पण सध्या तलावाच्या मासेमारीचा ठेका होतो आहे, सोसायटीत भांडणं आहेत, ते चिडलेले असतात. एवढं निभू दे. तुझ्या मायेची सावली असू दे.

तुझा,
पियुष


सिरोंचा
२० फेब्रुवारी २०२४

चि. पियुष यास,
आशीर्वाद.

चिठ्ठ्या लावून सैनिक परत पाठवले आहेत. जांभळा काळ्यावरच चांगला, चांदीवर तो जत्रेतल्या बांगडीसारखा दिसतो.

तलावाचा ठेका झाला की धानाचं काही निघेल, धानाचं झालं की समाजाची बैठक निघेल. मला राग येतो आहे आणि तो मी लपवत नाही. माझे डोळे तुला टपालाने चालतात, मी मात्र घरात चालत नाही. आईचे पाय कसे आहेत ते तू या वेळी लिहिलंच नाहीस. मी रोज पिशवी भरून ठेवते. तू फक्त ये म्हणून लिही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघते. बाकी माया आहेच, तिची परीक्षा पाहू नको.

तुझी,
सौ. आचल


गोंडपिपरी
१६ मार्च २०२४

ती. सौ. आचलबाईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहावं ते कळत नाही. आपली आई गेली. काल दहावं झालं. पहाटे श्वास लागला, चंद्रपूरला न्यायला गाडी बोलावली, ती यायच्या आत सगळं संपलं. तुला फोन लावायला हात गेला होता, पण बाबा समोर होते आणि हातावर पाणी घेतलेलं. पत्र पोचेपर्यंत काही उरलं नसतं, म्हणून मग सगळं आटोपल्यावर लिहितो आहे. मी बाबांना या महिन्यात विचारणारच होतो, शपथ.

एक काम मी केलं. बाया आईची तयारी करत होत्या तेव्हा मी स्वतः पेटी उघडली, जरीच्या काठावरून तुझी साडी ओळखली आणि हीच घाला म्हटलं. कोणाला काही सांगितलं नाही. आई तुझ्या हिरव्या साडीत गेली बाई. तेवढं समाधान मान.

अशा वेळी लिहू नये, पण दुकानदाराला सुतक कळत नाही. सोबत नव्या रंगांचे सैनिक आहेत, महिनाअखेर कळवायचं आहे. या वेळी लाल आणि हिरवाच जास्त आहेत. तू रागावशील, पण टाकणार नाहीस हे मला माहीत आहे.

तुझा,
पियुष


सिरोंचा
२८ मार्च २०२४

पियुष,

तुझं पत्र आलं तेव्हा मी ब्लाउजला काज-बटण करत होते. पुढचे काही दिवस मशीनला हात लावला नाही.

काल मंगलीमावशी भेटली. आपल्या गावच्या बाया मिरची तोडायला नदीपलीकडे तेलंगणात जातात ना, त्यांच्यासोबत ती दहाव्यानंतर पुन्हा तिकडे चालली होती. तिच्या हातावर कोणी पाणी घातलेलं नाही. गाडी येईपर्यंत ती स्टँडवर माझ्या गळ्यात पडून रडली आणि मग सगळं सांगितलं. दहाव्याला बाबा तिच्याजवळ बसून म्हणाले, "आचलले आणाचं का, असं कोणी इचारलं असतं तं मी नाई म्हटलो नसतो." त्यांना ठेक्याची चिंता होती, रागही होता, पण कोणी विचारलं असतं तर ते नाही म्हणणार नव्हते. तू विचारलंच नाहीस. आज नाही, उद्या, असं करत माझी आई गेली.

दुसरी गोष्ट सांगू की नको, यावर मी रात्रभर विचार केला. मावशी म्हणाली, आई लाल साडीत किती शांत दिसत होती. मी तिला पुन्हा विचारलं. लालच, म्हणाली, लग्नाच्या वर्षी बाबांनी घेतलेली, जरीच्या काठाची. पेटीतली हिरवी, कोरी साडी रीताने दहाव्याला नेसली होती. रीताला दोष देऊ नको, तिला कोणी सांगितलं होतं? बायांनाही माहीत नव्हतं. पेटीत दोन जरीचे काठ होते आणि तू चमक पाहिलीस. शेजारच्या बाईला एवढंच विचारायचं होतं, यातली हिरवी कोणती. तेवढं तुझ्या तोंडातून निघालं नाही. आईने एकच मागितलं होतं.

मी शाप देत नाही. लहानपणापासून मीच तुझ्या वतीने रंग सांगत आले, त्यामुळे तुला विचारायची सवयच लागली नाही, असंही मला वाटतं. पण आता थकले.

तुझं काम अडवलेलं नाही. खोक्यातल्या सगळ्या सैनिकांच्या पायाला चिठ्ठ्या लावल्या आहेत. कोणत्या चिठ्ठ्या खऱ्या आणि कोणत्या खोट्या, ते लिहीत नाही. घरात रीता आहे, बाबा आहेत. एक सैनिक हातात घे, त्यांच्यासमोर धर, आणि हा लाल आहे की हिरवा, ते तोंडाने विचार.

सौ. आचल