फातिह्याआधीचा मलिदा

अहो नसीमचे अब्बा,

नसीमला घेऊन टांग्यानं दर्ग्याला निघाले आहे. आज उरूस. ती टायफॉइडनं पडली होती तेव्हा बोललेली चादर चढवायची राहिली आहे. मागायचं ते फक्त अल्लाकडे, कबरीपुढे नाही, असं तुम्ही काल म्हणालात. ते मला सगळंच पटलं नाही. तिला बरं अल्लानंच केलं, हे मीही म्हणते. पीरसाहेबांना एवढंच सांगितलं होतं की आमच्यासाठी अल्लाकडे एक शब्द टाका. तुम्ही रात्ररात्र मुसल्यावर दुआ मागत बसून होतात, तेही मी पाहिलंय.

मलिदा केलाय. पीरसाहेबांच्या नावानं फातिहा पढायच्या आधीच तुमचा वाटा वेगळा काढला, पढलेला तुम्हाला चालत नाही म्हणून. ज्या डब्याच्या झाकणावर कांदा ठेवलाय तो तुमचा, बेलाशक खा. दुसऱ्या डब्याला हात लावू नका, नाहीतर मग माझ्यावरच चिडाल. दूधवाले भैया येतील, पातेलं ओट्यावर आहे.

मिरजेला तुम्ही माझ्याआधी दर्ग्यात शिरायचात. इथं जयपूरला बदली झाल्यापासून तुम्ही आत येत नाही. तरी गेल्या उरुसाला माझ्या चपला हातात धरून दारात उभे राहिलात, दर्गा न मानणारे तुमचे नमाजातले दोस्त बघत असताना. यंदाही आत या म्हणत नाही. पण गर्दी फार असते, आणि नसीमचे सँडल नवे आहेत. आम्ही दारातल्या फुलवाल्यापाशी बसतो.

तुम्ही येईपर्यंत मी चपला काढणार नाही.

जैबुन